सही तिची, गाडी त्याची



दसऱ्याला किंवा पाडव्याला सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या गाड्यांच्या शोरूमपुढे जरा थांबून पाहा. नव्या गाडीला झेंडूचा हार असतो, हळदीकुंकू लावलेलं असतं. पूजेचं ताट बाईच्या हातात असतं आणि किल्ली पुरुषाच्या. या चित्राची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्याआधी अर्धा तास आतल्या टेबलाशी काय झालं हे कुणी विचारत नाही. तिथे बाईच्या हातातही पेन दिलेलं असतं. “वहिनी, इथं सही करा. आणि इथं. आणि या मागच्या पानावर.” वहिनी सह्या करतात. कशावर, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

या अंकाचं संपादकीय त्या सहीबद्दल आहे.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना आम्ही पोटगी शिकलो, मुलांचा ताबा शिकलो, मारहाणीची नोंद कशी करायची ते शिकलो. गाडीचा हप्ता कुणी शिकवला नव्हता. पण या दोन जिल्ह्यांत सल्ला केंद्राचं काम करताना, बाईने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलेल्या कागदांत आता वित्त कंपनीची नोटीस वारंवार असते. तासगावकडच्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याने कर्जावर टेंपो घेतला. वर्षभराने तो टेंपोसकट घर सोडून गेला. टेंपो कुठे चालतो, भाडं किती मिळतं, तिला काहीच ठाऊक नाही. वसुलीची माणसं मात्र तिच्याच दारात येतात, कारण करारावर ती सहकर्जदार आहे. आरसीवर तिचं नाव नाही. म्हणजे गाडीवर हक्क नाही आणि कर्जातून सुटका नाही.

सहकर्जदार आणि जामीनदार हे शब्द शोरूममध्ये फार हलकेपणाने वापरले जातात. “नुसती फॉर्मॅलिटी आहे,” असं सांगितलं जातं. कायदा तसं मानत नाही. सहकर्जदार म्हणजे स्वतःच कर्जदार. जामीनदाराबद्दल १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. नवऱ्याने हप्ते थकवले की त्याची नोंद तिच्याही पतखात्यात होते. उद्या शिलाई मशीनसाठी किंवा म्हशीसाठी ती स्वतः कर्ज मागायला गेली, तर तिने कधीही न चालवलेली गाडी तिच्या आडवी येते.

त्यातून गाड्या घेणं आता सोपं झालं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्के. किंमत उतरली ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्याकडे एसटीची वाट पाहण्यात बाईचा दिवस जातो, तेव्हा स्कूटर ही चैन म्हणता येणार नाही. पण डाउन पेमेंट कुठून येतं ते पाहा. बऱ्याच घरांत ते बाईच्या गळ्यातून येतं. सोनं गहाण पडतं तिचं, बचत गटातून उचल घेतली जाते तिच्या नावावर, आणि बिल मात्र त्याच्या नावाचं निघतं.

व्याजाचा हिशेबही आपण नीट समजून घेऊ. समजा ८०,००० रुपयांचं कर्ज तीन वर्षांसाठी “१२ टक्के फ्लॅट” दराने मिळालं. वर्षाला ९,६०० याप्रमाणे व्याज २८,८०० रुपये होतं आणि महिन्याचा हप्ता साधारण ३,०२२ रुपये. ऐकायला १२ टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच लावलेलं असतं. शिल्लक रकमेवर हिशेब केला तर हाच दर सुमारे २१ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाआधी ग्राहकाला मुख्य माहितीचं पत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे आकार धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असला पाहिजे, ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे, आणि त्यात न दाखवलेला आकार तिच्या संमतीशिवाय नंतर घेता येत नाही. हे पत्रक मराठीत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ते मिळेपर्यंत पेन खाली ठेवायला हरकत नाही.

आता विम्याकडे येऊ, कारण बाईचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो बाहेरचा माणूस. दुचाकीवर मागे कोण बसतं? बहुतेक वेळा बायको, कडेवर मूल घेऊन. केवळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेली व्यक्ती आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात सांगितलं. तिला संरक्षण हवं असेल तर सर्वंकष पॉलिसी किंवा मागे बसणाऱ्याचा वेगळा अपघात विमा घ्यावा लागतो. थोडे पैसे वाचवायला पहिली काट मारली जाते ती नेमकी यावरच. शिवाय विमा त्याच शोरूममधून घेण्याची सक्ती डीलरला करता येत नाही. दुसरीकडे चौकशी करून मग घेता येतो.

“मग गाडी बाईच्याच नावावर घेऊ,” असं आपण चटकन म्हणतो. तेवढ्याने भागत नाही. कोरेगाव भागातल्या एका कुटुंबात स्कूटर बायकोच्या नावावर होती आणि चालवत होता नवरा. ओल्या रस्त्यावर गाडी घसरून तो गेला. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा होता. पण तो मिळतो नोंदणीकृत मालकाला, तोही स्वतः गाडी चालवताना आणि परवाना वैध असेल तर. मालक ती, चालक तो, म्हणून हाती काही आले नाही. दुसऱ्याच्या गाडीवरून जाताना मृत्यू पावलेल्यांच्या वारसांनी कलम १६३-अ खाली मागितलेली भरपाईही सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा आणि २०२० च्या रामखिलाडी प्रकरणांत याच तत्त्वावर नाकारली: गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. घरात गाडी दोघं चालवत असतील तर विमा घेतानाच दोघांच्या अपघाताची सोय विचारायला हवी.

नुसत्या नावाचा दुसरा धोका असा. नोंदणीवर जिचं नाव, तीच कायद्याने मालक. गाडी परस्पर विकली, पण परिवहन कार्यालयात नाव बदललं नाही, आणि पुढे विम्याविना अपघात झाला, तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडून मागितली जाते. २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणून मी म्हणते, नाव हवं, त्याबरोबर परवाना हवा, किल्ली हवी आणि कागदांची फाइल आपल्या कपाटात हवी. यातलं एक असून बाकीचं नसेल तर तिचं नाव फक्त ओझं वाहायला वापरलं जातं.

हप्ता थकला म्हणजे आपण गुन्हेगार होत नाही, हेही गावोगाव सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात थकलेल्या कर्जापोटी ट्रॅक्टर ओढून न्यायला माणसं आली. त्या ट्रॅक्टरखाली सापडून शेतकऱ्याची गर्भवती मुलगी मरण पावली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्त कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून जप्ती-वसुली करायला काही महिने बंदी घातली. ऊस वाहतुकीसाठी कर्जाचे ट्रॅक्टर दारात उभे असलेल्या आपल्या वाळवा, कडेगाव, कराड तालुक्यांनी ही घटना विसरू नये. गुंड पाठवून गाड्या ओढून नेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर यांच्या प्रकरणात धिक्कारली आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. पुरुष घरात नसताना दारात येऊन बाईला घालूनपाडून बोलणं ही वसुली नव्हे. त्याची तक्रार आधी कंपनीकडे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि धमकी असेल तर पोलिसांत करता येते.

आणखी एक गाडी आहे, जिच्याबद्दल आपण लग्नाच्या मांडवात गप्प बसतो. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तिच्या लग्नात दिलेली फॉर्च्युनर महाराष्ट्रभर चर्चेत आली. आपल्याकडे फॉर्च्युनर नसेल, मोटारसायकल असते. तिचे हप्ते मुलीचा बाप किंवा भाऊ पुढे कित्येक महिने भरत राहतो आणि आरसी जावयाच्या नावाची असते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा मागणं, घेणं आणि देणं हे तिन्ही गुन्हे आहेत. त्याच कायद्याचं कलम ६ सांगतं, की दुसऱ्या कुणी घेतलेला हुंडा तीन महिन्यांच्या आत तिच्या नावे झाला पाहिजे. स्त्रीधन सासरी असलं तरी ते तिचंच असतं, हे १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणापासून पक्कं आहे. पण माहेरी परतलेली मुलगी गाडी मागते तेव्हा पहिला प्रश्न येतो, “कागद कुणाच्या नावाचे?”

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्ता बायकांना एकत्र केलं, तेव्हाही घर, जमीन, रेशनकार्ड यांवर बाईचं नाव का नाही, हेच विचारलं गेलं. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा निरक्षर सभासद म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्याजाचा हिशेब बायकांना कळत नाही, हे कारण तेव्हाच खोटं ठरलं आहे. आता सातबाऱ्याच्या शेजारी आरसी ठेवायची वेळ आली आहे.

म्हणून गटांना विनंती, की पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने घरच्या गाडीचे तीन कागद आणावेत: आरसी, कर्जाचा करार आणि विमा पॉलिसी. नसतील तर का नाहीत, कुणाकडे आहेत, हेही सांगावं. मालक कोण, कर्जदार कोण, विम्यात वारस कोण, हे एकमेकींना वाचून दाखवावं. आरसीवर वारसाचं नाव नोंदवण्याची सोय २०२१ पासून आहे, ती वापरावी. कर्ज फिटलं असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. कोऱ्या फॉर्मवर कुणीही सही करू नये. आणि सहकर्जदार म्हणून सही मागितली, तर “मग आरसी माझ्या नावावर का नाही?” एवढं त्या टेबलाशी मोठ्याने विचारावं. सोबत गटातली एखादी मैत्रीण असली की आवाज आपोआप निघतो.

यावरून घरात कटकट होईल, हे मी जाणते. “नवऱ्यावर विश्वास नाही का?” असं विचारलं जाईल. डीलर, बँक आणि विमा कंपनी कुणीच विश्वासावर चालत नाही, सगळे कागदावर चालतात. मग बाईनेच तेवढं विश्वासावर का चालावं?

बैठकीत काय निघालं ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवत आहोत.