गांवची वही कोणाच्या हातीं?

वाचकहो, गांवांत खरा मालक कोण? कोणी म्हणेल पाटील, कोणी म्हणेल सरपंच, कोणी म्हणेल आमदार. आम्ही म्हणतों, ज्याच्या हातीं वही तो मालक. 'ज्याच्या हातीं ससा तो पारधी' ही म्हण आपल्या पणजोबांस पाठ होती. पण ती सशाइतकीच वहीलाही लागू आहे, हें त्यांस जमीन गेल्यावर कळलें.

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें भर बाजारच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. तेथून तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरलें. लूट झाली, जाळपोळ झाली. पण लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर व खतांवर. कागद हातीं पडला कीं त्याची होळी करावयाची, आणि घरीं जावयाचें. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. सावकारानें पैसे पोंचल्याची पावती द्यावी, हिशेब द्यावा, असें त्यांत घातलें. कायदा चांगला होता. पण ज्या घरांत पावती वाचणारें एकही माणूस नाहीं, त्या घरांत पावती आली काय आणि न आली काय, दोन्ही सारखेंच. जाळलेली वही पुन्हां लिहितां येते. लिहिणारा तोच राहिला आणि न वाचणारे आपणही तेच राहिलों, तर होळीचा उपयोग तो काय?

त्याच शतकांत जर्मनींतील एका आडगांवच्या अंमलदारानें वही न जाळतां ती गांवकऱ्यांच्या हातीं दिली. त्याची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं ऐकण्यासारखी आहे.

फ्रेडरिक विल्हेल्म राइफायझेन हा ता. ३० मार्च १८१८ रोजीं हाम नांवाच्या लहान गांवीं जन्मला. नऊ भावंडांतला हा सातवा. मोठ्या शाळेचें तोंड त्यानें पाहिलें नाहीं. गांवच्या धर्मोपदेशकानें जें शिकविलें तेवढीच शिदोरी. सतराव्या वर्षीं तो तोफखान्यांत शिरला. पण डोळ्यांस रोग जडला, आणि १८४३ सालीं लष्कर सोडून त्यास कचेरींतली लेखणी धरावी लागली. १८४५ सालीं वायरबुश व भोंवतालच्या खेड्यांचा तो मुख्य अंमलदार झाला. दप्तर, वसुली, शाळा, रस्ते, गरिबांची सोय, सर्व त्याच एका माणसाच्या गळ्यांत.

१८४६-४७ च्या हिवाळ्यांत दुष्काळ पडला. सरकारनें धान्य धाडलें, पण रोख दाम मोजील त्यासच द्यावें असा हुकूम. ज्याच्या गांठीस रोकड आहे तो उपाशी कशास मरेल? राइफायझेननें हुकूम बाजूस ठेविला व परतफेडीच्या कबुलीवर धान्य उधार वांटलें. मग ऐपतदारांकडून पैसा उभा केला, गांवांत पावाची भट्टी बांधली, आणि बाजारापेक्षां पुष्कळ स्वस्त पाव गरिबांच्या घरीं पोंचविला. शाळा बांधली. माल ऱ्हाईन नदीपर्यंत जावा म्हणून रस्ताही काढविला.

१८४८ सालीं त्याची बदली फ्लामर्सफेल्ड येथें झाली. तेथें त्यानें निराळीच पिळवणूक पाहिली. गाय शेतकऱ्याच्या गोठ्यांत, चारापाणी त्याचा, शेणघाण त्याची, पण मालकी गुरांच्या व्यापाऱ्याची! अर्धलीनें जनावर पाळणाऱ्या आमच्या वाचकांस हें फोड करून सांगावयास नको. १८४९ सालीं सुमारें साठ ऐपतदार जामीन राहिले व मंडळी स्थापन झाली. मंडळीनें गुरें विकत घेऊन शेतकऱ्यांस पांच वर्षांच्या हप्त्यांनीं दिलीं.

परंतु पुढें हेडेसडोर्फ येथें काम करितांना त्याच्या ध्यानांत आलें कीं श्रीमंतांच्या दयेवर चालणारें काम फार दिवस टिकत नाहीं. देणारा थकतो आणि घेणारा मिंधा राहतो. म्हणून १८६४ सालीं त्यानें नवी पतपेढी काढली व नियम केला कीं ज्यास कर्ज पाहिजे त्यानें सभासद झालें पाहिजे आणि सर्वांच्या देण्यास सर्वांनीं जबाबदार राहिलें पाहिजे. पेढीची हद्द लहान, जेथें प्रत्येकजण प्रत्येकास ओळखतो. नफा वांटून खावयाचा नाहीं, गंगाजळींत टाकावयाचा. पंचांनीं काम फुकट करावयाचें. पगार एकट्या हिशेबनिसास. मात्र कर्ज कोणास द्यावें, कोणास देऊं नये, यांत त्या हिशेबनिसास मत नाहीं! वही लिहिणाऱ्याकडे सत्ता नको, आणि सत्ता असणाऱ्याच्या हातीं वही नको. पुष्कळ गांवांत ही हिशेबनिशी शाळामास्तरच करीत असे. हें वाचून आम्हां शिक्षकांची मान थोडी वर होते, आणि जबाबदारी पाहून लगेच खालीं जाते.

१८६५ सालीं प्रकृतीनें त्यास नोकरी सोडावयास लाविलें. दृष्टि जवळजवळ गेली होती. पोटासाठीं तो दारूच्या व्यापारांत पडला, आणि १८६६ सालीं पतपेढ्यांवरील त्याचें पुस्तक निघालें तें मुलीच्या मदतीनें. ता. ११ मार्च १८८८ रोजीं तो वारला. १९०५ सालीं, तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत, गदगजवळ कणगिनहाळ येथें गांवचे पाटील सिद्धनगौडा यांच्या पुढाकारानें जी सहकारी पतपेढी निघाली, तिचें मूळ याच माणसाच्या विचारांत आहे. कारण मद्रासचे निकल्सन साहेब यांनीं १८९५ व १८९७ च्या आपल्या अहवालांत याच पद्धतीचा पुरस्कार केला आणि १९०४ सालचा सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यावरून झाला.

या माणसाची आम्ही आरती करीत नाहीं. ज्यू व्यापाऱ्यांविषयीं त्याच्या लिखाणांत कडवट शब्द आहेत, व ते त्याज्यच आहेत. व्याज कोणतीही जात घेत नाहीं, व्याज वही घेते. वही आपल्याच जातीच्या माणसाच्या हातीं आली म्हणजे गरीब सुटला, हा भ्रम आपणही टाकून दिला पाहिजे. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. वही वंशपरंपरेनें एका घरांत राहूं नये, हें त्यांतलें मर्म. ती एका घरांतून निघून दुसऱ्या घरांत कुलपांत जावी, असा त्याचा अर्थ नव्हता.

आतां आमचीच एक हकीकत. आमच्या सातवीच्या वर्गांत सरळव्याजाचीं गणितें चाललीं होतीं. आम्ही मुलांस म्हटलें, घरांत कर्जाचा कागद असेल तर आणा, त्यावरच गणित करूं. एका कुंभाराच्या नातवानें आजोबांची पत्र्याची पेटी उपसून तीन पावत्या व खात्याचा उतारा आणला. मुलानें बेरीज केली. पावत्या तीन, पण उताऱ्यांत जमा दोनच! आजोबांस विचारलें, तर म्हातारा म्हणाला, "गुरुजी, मला सही येते, पण कागद वाचायचं धाडस होत नाही." आम्ही त्यांच्याबरोबर त्या संस्थेंत गेलों. नजरचुकीनें राहून गेलें, असें सांगून रक्कम जमा धरली. नजरचूक असेलही. पण त्या नजरचुकीवर आठ महिने व्याज चढत होतें, आणि ती कोणी मोठ्या साहेबानें नव्हे, बारा वर्षांच्या पोरानें पकडली.

बंधूंनो, आज बहुतेक घरांत वाचणारें पोर आहे. पणजोबांची अडचण आपणांस राहिली नाहीं. आपली अडचण आळसाची व भिडेची आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणें सभासदास संस्थेच्या कचेरींत शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभांचें इतिवृत्त व स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट पाहतां येतात. आपल्यापैकीं किती जणांनीं त्या पाहिल्या? सोसायटीच्या वार्षिक सभेस आपण जातों, चहा पितों, हजेरीवर सही करितों, आणि ताळेबंद वाचून झाला असें समजून हात वर करितों. 'आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें' असें मग ओरडावयाचें. पण डोळे असून मिटणाऱ्यास आंधळें कोण म्हणेल?

जून २०२२ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक शेती पतसंस्थांचे हिशेब संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली. ठीक आहे. पण वही संगणकांत गेली म्हणून ती आपोआप खरी होत नाहीं. पावती पेटींत आणि उतारा संगणकांत, यांची गांठ कोणीतरी माणसानेंच घातली पाहिजे.

म्हणून आमचें सांगणें थोडकें आहे. दर सहा महिन्यांनीं खात्याचा उतारा मागा. तो घरच्या मुलाकडून, मुलीकडून मोठ्यानें वाचून घ्या. पावत्यांशीं ताडून पाहा. गटसचिव प्रामाणिक असेल तर त्यास आनंदच होईल. नसेल तर तो सावध होईल. आणि सभेंत एक तरी प्रश्न उभें राहून विचारा. सुप्याच्या लोकांस वही जाळावी लागली, कारण ती वाचतां येत नव्हती. आपणांस ती वाचतां येते. तर मग ती उघडा.