गोळी पोटात जायलाच हवी

पावसाळा लागला की अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या कुत्र्यांच्या कानामागे गोचिडी दिसू लागतात आणि पाठोपाठ गोचीडताप येतो. त्यावर डॉक्सीसायक्लिन हे नेहमीचं औषध, बहुधा चार आठवडे. घोडं अडतं ते गोळी गिळवण्यापाशी.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल इथून जवळ आहे. तिथल्या आवारात १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण डॉक्टर चिठ्ठी देतात, पुढचं घरच्यांनाच निभवावं लागतं.

उकडलेल्या कलेजीचे तीन तुकडे घ्यावेत. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी आणि तिसरा लगेच नाकासमोर. तिसऱ्याच्या आशेनं दुसरा न चावताच गिळला जातो. वर पाणी पाजावं, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. दूध, दही, पनीर टाळावं. कॅल्शियममुळे औषध नीट लागू पडत नाही. प्रसादाच्या शिऱ्यात तर नकोच, त्यातले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात.

खरी कसोटी पुढे असते. ताप उतरला, शेपूट हलू लागली की पाकीट फडताळात जातं आणि अर्धवट उपचारानं आजार उलटतो. गल्लीतल्या कुत्र्याला एकीनं सकाळी गोळी दिली, दुसऱ्यानं संध्याकाळी पुन्हा दिली, असंही होतं. म्हणून औषधाची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी आणि दिलेल्या गोळीची नोंद जिन्याखालच्या फळ्यावर व्हावी. भूतदयेला हिशेबाची जोड हवी, एवढंच म्हणणं आहे.