बदलून दिले म्हणजे संपले काय?

नेपानगर हे नाव वृत्तपत्रव्यवसायात आयुष्य घालविलेल्यांच्या कानांना नवे नाही. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, भुसावळ-खंडवा लोहमार्गावरचे हे गाव वृत्तपत्री कागदाच्या कारखान्याभोवती वसले. देशातील त्या पहिल्या कारखान्याचे राष्ट्रार्पण पंडित नेहरूंच्या हस्ते १९५६ साली झाले आणि पुढे कित्येक वर्षे शासनाने ठरवून दिलेल्या कोट्यातील कागदावर वृत्तपत्रे निघत राहिली. त्या काळी गिऱ्हाईकाला निवड नव्हती. जे मिळेल आणि जेवढे मिळेल ते पदरात पाडून घेणे एवढेच त्याच्या हाती होते. कोट्याचे ते युग मागे पडले. आज त्याच नेपानगरातील कामगार दुकानात जाऊन दहा कंपन्यांचे मोबाईल हाताळतो आणि त्यांतला एक निवडतो. परंतु निवडलेला मोबाईल बिघडला, की तो पुन्हा त्या जुन्या युगात जाऊन पडतो. कंपनी एक, तिचे अधिकृत सर्व्हिस सेंटर एक, आणि ‘देऊ ते घ्या’ हा नियमही एकच!

समजा, या कामगाराने भुसावळला जाऊन एक मोबाईल घेतला. हमी एक वर्षाची. चौथ्या महिन्यात पडदा काळा पडला, तो दुरुस्त झाला. आठव्या महिन्यात पुन्हा तेच. अखेर अकराव्या महिन्यात कंपनीने संच बदलून दिला आणि तेराव्या महिन्यात तो बदललेला संचही बंद पडला. सर्व्हिस सेंटरमधील उत्तर ठरलेले: ‘मूळ खरेदीपासून वर्ष उलटले, आता दुरुस्तीचे पैसे पडतील.’ हे उदाहरण आम्ही कल्पिले आहे खरे. परंतु चतुर्थीच्या तोंडावर हौसेने मोबाईल घेणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल, यात आम्हांस शंका नाही. अनेक कंपन्यांच्या हमीपत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की बदललेल्या संचाला मूळ हमीची उरलेली मुदत तेवढी लागू राहील. काही कंपन्या उरलेली मुदत किंवा ९० दिवस, यांपैकी जे अधिक असेल ते देतात. शिवाय बदली संच कोरा असेलच असे नाही. दुसऱ्याने परत केलेला आणि दुरुस्त करून नव्यासारखा केलेला संचही देण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेली असते.

याविषयी कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याआधी एक तपभर ग्राहक पंचायतीच्या चळवळीने महाराष्ट्रात त्याची भूमी नांगरून ठेवली होती. त्याची जागा आता २०१९ च्या अधिनियमाने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला आहे. त्याचे ३९ वे कलम असे, की मालात दोष सिद्ध झाल्यास जिल्हा आयोग दोष दूर करण्याचा, त्याच वर्णनाचा नवा व निर्दोष माल देण्याचा, किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो, नुकसानभरपाई निराळीच. ‘नवा’ आणि ‘निर्दोष’ हे दोन्ही शब्द कायद्याचे आहेत. दोषयुक्त माल बिलावर नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन किंमत देण्यास नकार देणे याला हाच कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. पाळली जाण्याची वाजवी शक्यता नसलेली हमी देणे हीसुद्धा त्याच सदरात मोडते.

मग उणीव कोठे आहे? आयोगाने आदेश दिला तर मिळणारा माल नवा, आणि कंपनीने आपण होऊन बदलून दिला तर तो कसा असावा व त्याची हमी किती काळ चालावी, याविषयी अधिनियमात स्पष्ट शब्द नाही. ही मोकळी जागा कंपन्यांनी आपल्या बारीक अक्षरांनी भरून काढली आहे. भांडण न करता समजुतीने संच स्वीकारणारा ग्राहक आयोगापर्यंत जाणाऱ्या ग्राहकापेक्षा कमी पदरात पाडून घेतो, हा न्याय उफराटा आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो; येथे मात्र पायरी न चढण्याचा दंड शहाण्यालाच भरावा लागत आहे.

कंपन्यांची बाजू अशी, की प्रत्येक बदलीबरोबर हमी नव्याने सुरू झाली तर एका किमतीत ग्राहक आयुष्यभर संच बदलून नेईल. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. धडधाकट चालणारा संच घेऊन कोणीही आपला कामधंदा बुडवून सर्व्हिस सेंटरच्या रांगेत उभा राहत नाही. पहिला संच सदोष निघाला यात ग्राहकाचा अपराध कोणता? त्याने किंमत मोजली ती वर्षभर बिनघोर चालणाऱ्या संचाची; दुरुस्तीत गेलेल्या दिवसांची नव्हे. अन्य देशांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार एक दुरुस्ती वा एक बदली निष्फळ ठरल्यावर ग्राहक माल नाकारून पैसे परत मागू शकतो. युरोपीय संघात विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी किमान २ वर्षांची आहे; २०२४ च्या निर्देशाने, दुरुस्तीचा पर्याय स्वीकारणाऱ्या ग्राहकासाठी ती आणखी एका वर्षाने वाढविण्याचे ठरविले. त्यामुळे तेथील मोबाईलचा व्यापार बुडेल असे कोणी मानीत नाही.

नव्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे, ती मात्र ग्राहकांनी ध्यानी घ्यावी. पूर्वी तक्रार विक्रेता जेथे असेल किंवा व्यवहार जेथे घडला असेल तेथे करावी लागे. आता ग्राहक राहतो वा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही ती करता येते. नेपानगरच्या माणसाने भुसावळला घेतलेल्या मोबाईलसाठी जळगावच्या खेपा घालण्याचे कारण उरले नाही. त्याने बुऱ्हाणपूर जिल्ह्यातच दाद मागावी. सावंतवाडीस खरेदी करणारा पेडणेकर, कारवारास जाणारा काणकोणकर, बेळगावास जाणारा वाळपईकर यांनाही हेच लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीही आहे.

दाद मागायची तर कागद हवा. मोबाईलच्या मूळ बिलावर त्या संचाचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. बदलून आलेल्या संचाचा क्रमांक अर्थातच निराळा असतो. तो नवा क्रमांक, बदलीची तारीख आणि कारण, हमीची मुदत आणि संच नवा आहे की दुरुस्त केलेला, हे सारे सही-शिक्क्यानिशी लिहून घेतल्याशिवाय ग्राहकाने काउंटर सोडू नये. दुरुस्तीस संच दिल्याची प्रत्येक पावती जपावी. संच किती दिवस अडकून पडला याचा पुरावा तीच असते. तोंडी आश्वासनाला आयोगापुढे फारसे मोल नसते.

तथापि सारा भार ग्राहकाच्या खांद्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. करारातील अन्यायकारक अट रद्दबातल ठरविण्याचा अधिकार कायद्याने जिल्हा आयोगाला न देता राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला आहे. पंधरा हजारांच्या मोबाईलच्या एका अटीसाठी नेपानगरच्या कामगाराने भोपाळची वाट धरावी, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. तो ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणून दुरुस्तीचे पैसे भरून मोकळा होतो आणि अट जिथल्या तिथे राहते. म्हणून समस्त ग्राहकांच्या वतीने कारवाई करण्यासाठी २०२० साली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हा प्रश्न आपण होऊन हाती घ्यावा. बदली संच नवाच असावा; ग्राहकाने राजीखुशीने दुरुस्त केलेला स्वीकारल्यास तसे लेखी नमूद व्हावे; आणि बदललेल्या संचाची हमी बदलीच्या दिवसापासून पूर्ण मुदतीची असावी, असा स्पष्ट नियम केंद्र शासनाने करावा, अशी आमची मागणी आहे.

दुकानदार सदोष नाणे घेत नाही. ते परत करतो आणि खणखणीत नाणे मागतो. ग्राहकाची मागणी याहून काडीइतकीही अधिक नाही. त्याने दिलेला पैसा पूर्ण मोलाचा होता. त्याच्या बदल्यात मिळणारी वस्तू, पहिली असो वा बदललेली, तितक्याच मोलाची असली पाहिजे.