जुने भिंग, नवी पेटी

दिवाळीची झाडझूड म्हणजे माळ्यावरच्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच. पितळी समई पास होते, फुटका स्टोव्ह नापास होतो, आणि काही वस्तूंचा निकाल राखून ठेवावा लागतो. कातडी पाकिटातला जुना कॅमेरा हा त्या राखीव यादीतला कायमचा उमेदवार. त्यात घालायची फिल्म तालुक्याच्या गावी मिळत नाही. मिळाली तर ती धुऊन देणारा मिळत नाही. बरे, टाकून द्यावा तर तो वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला! मग तो पुन्हा माळ्यावर चढतो, नाहीतर भंगारवाल्याच्या तराजूत पडतो. यांपैकी कोणतीही शिक्षा ठोठावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी यंदाचे हे स्फुट.

कॅमेरा म्हणजे एक पेटी आणि तिच्या तोंडावर बसवलेले भिंग. पेटी म्हातारी होते. तिचा पडदा विरतो, स्प्रिंगा सैल पडतात. भिंग मात्र नीट ठेवले तर साठ वर्षांनीही तितकेच चोख पाहते. पेटीच्या मरणाबरोबर भिंगानेही सती जावे असे मुळीच नाही. त्याचा पुनर्विवाह आता सहज होतो आणि तोही अगदी नव्या डिजिटल कॅमेऱ्याशी.

हा योग जुळवून आणला तो एका आरशाने, म्हणजे आरसा नाहीसा होण्याने. जुन्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये एक तिरपा आरसा असे. फोटो घेताना तो झटकन वर उचलला जाई. त्याला हलायला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून लांब बसवावे लागे. त्या काळी स्क्रूसारखी फिरवून बसवायची जी भिंगे सर्वत्र चालत, त्यांच्या चुडीचा व्यास ४२ मिलिमीटर आणि बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर. २००८ साली बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस, कॅमेरे बाजारात येऊ लागले. त्यांत हे अंतर फारच कमी झाले. सोनीच्या कॅमेऱ्यात ते १८ मिलिमीटर आहे. राहिले २७.४६ मिलिमीटर. तेवढ्या लांबीचे एक पोकळ नळकांडे मध्ये घातले की झाले काम! याला अ‍ॅडॉप्टर म्हणतात. त्यात ना काच, ना वीज. आरसेवाले डिजिटल कॅमेरे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मात्र हिशेब करूनच पुढे जावे. कॅननच्या तशा कॅमेऱ्यात हे अंतर ४४ मिलिमीटर, म्हणून पातळ कड्यावर भागते. निकॉनच्या कॅमेऱ्यात ते ४६.५ मिलिमीटर. तिथे मुळातच जागा जास्त, त्यामुळे नुसते कडे लावले तर जवळचे दिसते आणि दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाही.

यंत्रांची अशी जोडजमाव महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साह्याने खटपट करून १९१८ साली चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतःच घडवला, आणि १९२० साली त्यांच्या कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. त्या खटपटीपुढे आजचे आयते नळकांडे म्हणजे पोरखेळ. पण वृत्ती तीच : जे हाताशी आहे त्यातून पाहण्याची सोय करायची.

ही वृत्ती मला नुकतीच भेटली ती मांजरसुंब्याला. बीडहून दक्षिणेकडे निघाले की घाट चढून आपण या गावाच्या चौकात येतो. सोलापूर-धुळे हमरस्ता इथून जातो. एक फाटा पाटोद्याकडे वळतो, दुसरा केज-अंबाजोगाईकडे. मन्मथस्वामींच्या समाधीचे कपिलधार इथून जवळच. अशा जागी चहाला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही, पण फोटो स्टुडिओला पडते. कारण प्रत्येकाच्या खिशातच आता स्टुडिओ आहे! तरीही माझा एक जुना विद्यार्थी इथे स्टुडिओ चालवतो. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स आणि लग्नसराईतले अल्बम यांवर त्याचा संसार चालतो.

त्याचे वडीलही फोटोग्राफर होते. त्यांच्या पश्चात ट्रंकेत निघाला तो सोव्हिएत रशियात बनलेला झेनिट कॅमेरा. पेटी बंद पडलेली. भिंग मात्र ठणठणीत. हेलिऑस ४४-२ हे त्याचे नाव. अंतर ५८ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर २. येनाच्या झाईस कारखान्यातल्या बायोटार या जर्मन भिंगाच्या धर्तीवर रशियनांनी हे घडवले आणि अमाप काढले. या तरुणाने नळकांडे मागवून ते आपल्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवले. इतके उजळ नवे भिंग घ्यायचे तर चांगले पैसे मोजावे लागतात. हे वारसाहक्काने मिळाले, आणि वारसाहक्काचा दावा करायला भाऊबंद कोणी आला नाही.

आता याचा कारभार कसा चालतो? सगळा हाताने. भिंगाला तीन रिंगा. एकीने अ‍ॅपर्चरचा आकडा ठरवायचा, दुसरीने त्या आकड्यापर्यंत छिद्र उघडायचे-मिटायचे, आणि तिसरी जाड रिंग फिरवून फोकस करायचा. छिद्र पूर्ण उघडून फोकस करावा आणि मग हवे तेवढे मिटावे, हा जुना पाठ इथे पुन्हा उपयोगी पडतो. नव्या पेटीला हे भिंग ओळखू येत नाही. 'भिंग नसतानाही फोटो घेऊ दे' अशी परवानगी तिला सेटिंगमध्ये द्यावी लागते. मग मात्र ती मनापासून मदत करते : उजेड मोजते, फोकस झालेल्या कडा रंगाने दाखवते, चेहऱ्याचा तुकडा मोठा करून दाखवते. हात थरथरला तर सावरून घेणारी पेटी असेल तर तिला ५८ हा आकडा सांगून ठेवावा.

दोषही सांगतो. सूर्य समोर आला की जुन्या भिंगाला दिपते आणि चित्र दुधाळ होते. जुना लेप नव्याइतका तरबेज नाही. तोंडावर हूड लावावे. कडेला तीक्ष्णपणा कमी. छिद्र पूर्ण उघडे ठेवले तर मागच्या लिंबाची पाने माणसाभोवती गरगर फिरल्यासारखी दिसतात. हा खरे तर काचेचा दोष, पण हौशी लोक त्याच दोषासाठी हेलिऑस शोधत फिरतात! धावत्या पोराचा किंवा अक्षता पडतानाचा फोटो या भिंगाने काढू नये. तिथे नव्या कॅमेऱ्याचा आपोआप डोळा शोधणारा फोकसच खरा. माझा विद्यार्थीही लग्नात तेच वापरतो.

मग हा उद्योग करायचा कशासाठी? याचे उत्तर त्याने दिले नाही; त्याच्या एका गिऱ्हाइकाने दिले.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे राहतात. असेच एक जोडपे त्या दिवशी आले होते. बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी. पोराचा फोटो काढायचा होता, बरोबर न्यायला.

विद्यार्थ्याने दोघांना स्टुडिओमागच्या लिंबाखाली बसवले आणि हेलिऑस लावले. छिद्र पूर्ण उघडे. एवढ्या उघड्या भिंगातून दीड मीटरवरच्या माणसाचा जेमतेम पाच सेंटीमीटरचा, म्हणजे तीन बोटांचा, पट्टा स्पष्ट येतो. तो पोराच्या डोळ्यांवर रिंग सावकाश जुळवीत होता. तेवढ्या अवधीत पोराची आई पाठीमागे येऊन पडद्यात डोकावली.

"म्हातारी पुसट का दिसायली, दादा?" तिने विचारले. "तिच्याच तर जिवावर पोरगं ठेवून चाललोत."

त्याने मान डोलावली. आजीला पुढे सरकून नातवाच्या खांद्याशी तोंड आणायला सांगितले, स्वतः दोन पावले मागे सरला, छिद्र ५.६ पर्यंत मिटले. तीन बोटांचा पट्टा वीतभर झाला. दोघांच्या मध्यावर फोकस ठरवून त्याने फोटो घेतला. आजीच्या कपाळावरचे गोंदण आणि पोराच्या शर्टाचे तुटके बटण, दोन्ही सारखे स्पष्ट.

नव्या भिंगानेही हे साधते, नाही असे नाही. पण तिथे क्षणार्धात चेहरा सापडतो, आवाज होतो आणि काम संपते. प्रश्न सुचायच्या आत उत्तर तयार! चेहरा कोठे आहे हे यंत्राला कळते; कोणाच्या जिवावर कोण राहणार आहे हे कळत नाही. ते माणसानेच सांगावे लागते, आणि सांगायला मध्ये थोडा वेळ असावा लागतो. हाताने फिरवायची रिंग तेवढा वेळ देते. तिचे मोल मला एवढेच वाटते, आणि पुरेसे वाटते.

त्या फोटोच्या दोन प्रती निघाल्या. एक घरच्या भिंतीवर राहिली. दुसरी, लॅमिनेशन करून, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत लावायला गेली.

तेव्हा वाचकहो, यंदा माळ्यावरचा कॅमेरा खाली उतरला तर एवढे करा. भिंग काढून उजेडाकडे धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. जाणत्या कारागिराकडून वेळीच साफ करून घ्या, नाहीतर ती काच खाते. कातडी पाकीट ओल धरते. भिंग त्यातून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. काच स्वच्छ असेल तर मागच्या चुडीवर फूटपट्टी धरा. व्यास ४२ मिलिमीटर भरला तर नळकांडे हमखास मिळेल. दुसऱ्या जातीचे भिंग असले तर त्याच्या बैठकीचे नाव विचारून घ्या. बहुतेकांची सोय होते. आणि पहिला फोटो कोणाचा काढायचा ते भंगारवाला दारात उभा असतानाच ठरवून टाका. म्हणजे त्याला परत पाठवणे सोपे जाईल.