अस्वलाच्या वाटेला

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत आहे, आणि आमच्या घरात चैत्राची खलबते सुरू झाली आहेत. पुतण्याने फर्मान काढले, "काका, यंदा मेळघाटात जाऊन अस्वल पाहायचं!"

आम्हा नाशिककरांना बिबट्याचे नवल नाही. निफाडच्या उसातून तो वरचेवर वर्तमानपत्रात येतो. अस्वल मात्र मी पाहिले ते लहानपणी पंचवटीत, दरवेशाच्या दोरीला बांधलेले. पोराची भीती जावी म्हणून आईने पैसे मोजून मला त्याच्या पाठीवर बसवले होते. भीती काही गेली नाही. त्या राठ केसांचा वास तेवढा अजून नाकात आहे.

एके काळी असल्या बेताला बंदूक लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती भिंतीवरच राहिली. आम्ही नेणार दुर्बीण. पण बेत मात्र अस्सल शिकाऱ्याचा होता. नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीने बडनेरा, मग अमरावती, परतवाडा आणि घाट चढून सेमाडोह. चैत्रात मोहाच्या फुलांचा सडा पडतो, तो खायला अस्वल येते. तेव्हा पहाटे मोहाखाली दबा धरायचा, हा पुतण्याचा मनसुबा. सौ.ने थर्मास आणि चकल्या यादीत घातल्या. आमच्यापैकी कुणीही तो मुलूख पाहिलेला नव्हता.

वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. मेळघाटात त्यांची उमेद गेलेली. त्यांना मोठ्या हौसेने नकाशा दाखवला. त्यांनी विचारले, "वारा कुठून असेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

"अस्वलाला दिसतं बेताचं, ऐकूही फारसं येत नाही. नाक तेवढं तेज. पण मोह खाताना, वारूळ फोडताना ते इतकं गढलेलं असतं, की माणूस अगदी जवळ येईतो पत्ता नसतो. मग दचकतं. आणि दचकलेलं अस्वल पळेलच असं नाही, अंगावर येतं."

थंड मुलखातली अस्वले हिवाळा झोपून काढतात. आपले बारा महिने जागे. त्याचे वरचे पुढले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढते, तेव्हा लोहाराच्या भात्यासारखा आवाज दूरवर जातो. हिवाळ्यात गुहेत झालेली पिल्ले वसंतात आईच्या पाठीवर, तिचे केस धरून हिंडतात. अशा आईच्या वाटेला जाऊ नये, हे त्यांनी दोनदा सांगितले.

"मग मोहाखाली पहाटे जातं तरी कोण?" सौ.ने विचारले.

"कोरकू बायका जातात, वहिनी. गुराढोरांच्या तोंडी जाण्याआधी फुलं वेचावी लागतात. वाळवून विकली की घरात तेलमीठ येतं. चेहरा फाटलेली माणसं मी स्वतः जीपमध्ये घालून दवाखान्यात नेली आहेत. त्यांना जावं लागतं. तुम्हाला कशाला जायचंय?"

पुतण्याने नकाशाची घडी घातली. मी उगाच चहा ढवळत बसलो.

नवा बेत त्यांनीच आखून दिला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवरच्या मचाणांवर हौशी मंडळींना बसू देते. नाव आधी नोंदवावे लागते. वैशाखात ओढे आटतात, तेव्हा तहानलेले जनावर पाण्यावर येते. उजेडी चढायचे ते सकाळीच उतरायचे. भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणे नको. चकल्या कुरकुरतात म्हणून बाद झाल्या. त्यांच्या जागी दशम्या आल्या. अस्वल दिसेलच याची हमी त्यांनी दिली नाही.

मला दिसायला हवी आहे ती पाठीवर पिल्लू घेतलेली मादी. हे मी घरात कुणाला बोललो नाही.

"काका, मचाणाची शिडी चढवेल ना तुम्हाला?" पुतण्याने परवा हळूच विचारले.

सध्या मी रोज सकाळी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतो आहे.