गणिताने १९५७ सोडवून दाखवा

निवडणूक लागली की आपल्याकडचे जाणते लोक जागे होतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं: जातीची बेरीज, पैशाचं वाटप आणि बंडखोरांची मनधरणी जमली की जागा निघते, श्रद्धा, प्रतिभा, आशा या भाषणापुरत्या. हे सगळंच खोटं नाही. पाकिटं फिरतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या गणिताने १९५७ची निवडणूक सोडवून दाखवावी.

तेव्हा सत्ता काँग्रेसकडे, साधनं काँग्रेसकडे. समोर मुंबईसह महाराष्ट्र मागणारी संयुक्त महाराष्ट्र समिती. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे एरवी एकमेकांवर तुटून पडणारी मंडळी. जोडीला अत्रे यांचा ‘मराठा’ आणि शाहीर: अमर शेख, गवाणकर, अण्णा भाऊ साठे. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावी राहिलेली बायको. ही विरहाची लावणी पुढे सरकता सरकता तुटलेल्या महाराष्ट्राची होते. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल गिरणगावात कितीजणांनी वाचला असेल? छक्कड मात्र खाली बसलेल्या प्रत्येकाला कळत होती. आजचं प्रचारगीत उमेदवाराचं नाव बदललं की शेजारच्या मतदारसंघात चालतं. याला कल्पकता म्हणायचं तर रबरी शिक्क्यालाही म्हणा!

यावर जाणते विचारतील, समितीला सत्ता कुठे मिळाली? नाहीच मिळाली. पश्चिम महाराष्ट्रात दाणादाण उडूनही विधानसभेत बहुमत काँग्रेसचंच राहिलं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणच राहिले. आणि तरी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्याच यशवंतरावांच्या कारकिर्दीत. बेळगाव-कारवार राहिलं, ही सल आहेच. पण मतमोजणीच्या रात्री हरलेली मागणी तीन वर्षांत राज्यकर्त्यांना मान्य करावी लागली, हे बेरजेच्या कोणत्या रकान्यात बसवायचं?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. राजकारणात श्रद्धा शिरली की विवेक जातो. खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. शंभर टक्के मान्य. धर्माच्या नावाने मतं मागणं तर कायद्यानेच भ्रष्ट आचार आहे. विलेपार्ल्याची १९८७ची पोटनिवडणूक त्याच कारणाने रद्द झाली. पण याच बाबासाहेबांनी प्रत्येक निरक्षर प्रौढाला मत देणाऱ्या संविधानाचा मसुदा केला. मुंबईत १९५२ साली ते हरले, निकालाविरुद्ध दाद मागितली आणि १९५४ साली भंडाऱ्यातून पुन्हा उभे राहिले. तिथेही हरले. व्यक्तीवर आंधळा भरवसा नको म्हणणाऱ्या या माणसाचा मतपेटीवर भरवसा होता, आणि तो डोळे उघडे ठेवून होता.

आज तसा भरवसा ठेवायची सोय प्रत्येक केंद्रावर आहे. मतदानाआधी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मतांची चाचणी होते. मतदान संपल्यावर नोंदलेल्या मतांचा हिशेब १७-सी या नमुन्यात भरून केंद्राध्यक्ष त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला देतो. कित्येक प्रतिनिधी तोवर घरी गेलेले असतात, आणि नंतर समाजमाध्यमांवर घोटाळ्याच्या गोष्टी तेच सांगतात. तेव्हा या वेळी मत देऊन आलात की संध्याकाळी आपल्या पक्षाच्या पोराला गाठा आणि विचारा: १७-सी घेतलास का?