गाडीचे तेल आणि डॉक्टरांचे पथ्य

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मी रक्तदाब किंवा मधुमेह यांवर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आपण वर्षभर बोलतच असतो. आज मात्र दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनातील तेल किती काळाने बदलावे, याविषयी माझे मत मांडतो. विषय क्षुल्लक वाटेल. २००६ पर्यंत मलाही तसाच वाटत असे.

त्या वर्षीच्या आषाढात एका रात्री पेडणे तालुक्यातील एका गावाहून निरोप आला. वृद्ध रुग्णाला धाप लागली होती. भर पावसात निघालो आणि अर्ध्या वाटेवर तेलाचा लाल दिवा पेटला. इंजिन बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसरे वाहन मिळून पोहोचेपर्यंत तास गेला. देवकृपेने रुग्ण सावरला. त्याच्या मुलाने उशिराबद्दल चकार शब्द काढला नाही. मुकाट्याने माझ्या हातातील बॅग घेतली. ते मौन मला अजून आठवते.

सकाळी मेस्ताने तपासले. तेलाची पातळी पट्टीच्या टोकालाही लागत नव्हती आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर काळा, चिकट गाळ साचला होता. मी म्हणालो, "अजून दहा हजार किलोमीटर कुठे झालेत?" तो उत्तरला, "दोतोर, किलोमीटर न्हय, तारीख पळयात." घर ते दवाखाना सात किलोमीटर, वर्षाकाठी गाडी जेमतेम साडेचार हजार चाले. दोन वर्षे तेल बदललेच नव्हते. दोष सर्वस्वी माझा होता.

आजच्या अनेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम असतो. आपण पहिला भाग वाचतो आणि दुसरा विसरतो. शिवाय धूळ, खोळंबत चालणारी रहदारी आणि वारंवार होणारे छोटे प्रवास यांना पुस्तिकेत 'कठीण परिस्थिती' म्हटलेले असते व त्यासाठी मुदत कमी, काही ठिकाणी निम्म्यावर, आणलेली असते. छोटा प्रवास कठीण कसा, असे कोणी विचारील. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा काही अंश आणि थोडे न जळलेले इंधन तेलात उतरते. तेल पुरेसे तापले तर ते उडून जाते. सात किलोमीटरांत तेल तितके तापत नाही. मग आम्लता वाढते, ती शमवणारी द्रव्ये संपतात आणि गाळ धरू लागतो.

डिचोलीत खनिजाचे ट्रक धावत असत, तेव्हा तांबड्या धुळीने हवेची गाळणी किती लवकर भरे, हे तिथल्या मंडळींना सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तरी धूळ संपली नाही. पेडण्यात मोपा विमानतळाच्या आणि महामार्गाच्या कामांनी ती आमच्या वाट्याला आली. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी या कठीण वर्गातच मोडते.

याचा अर्थ दर ३,००० किलोमीटरला तेल बदलावे, असा नव्हे. जुन्या गाड्यांच्या काळची ती सवय आज अनाठायी आहे. गरज नसताना प्रतिजैविके लिहून देण्यासारखीच. तेल काळे दिसले म्हणजे बाद झाले, हेही खरे नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. नुसत्या रंगावरून आपण रुग्णाचे निदान करीत नाही. महागडे सिंथेटिक तेल घालून वर्षानुवर्षे निर्धास्त राहणे, हेही तितकेच चूक.

काढलेल्या तेलाचाही विचार व्हावा. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते नाल्यात ओतले, तर पावसाबरोबर शापोऱ्यात, तेरेखोलात किंवा वाळवंटीत जाते. कापड गिरण्यांतील यंत्रांच्या खनिज तेलामुळे इंग्लंडमधील कामगारांना त्वचेचा कर्करोग होत असे, हे आपण वैद्यकशास्त्रात वाचलेले आहे. तेव्हा गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला हातमोजे घालण्याचा सल्ला देणे, हेही आपलेच काम आहे.

माझे मत थोडक्यात असे. पुस्तिकेतील कठीण परिस्थितीचे कोष्टक पाहावे आणि त्यात सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. गाडी कितीही कमी चालली, तरी वर्षातून एकदा तेल आणि त्याची गाळणी बदलावी. मी त्यासाठी मृगापूर्वीचा आठवडा ठरवून ठेवला आहे. दर रविवारी सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी काढून पातळी पाहावी. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. रुग्णांच्या केसपेपरप्रमाणे गाडीचीही एक वही ठेवावी आणि तीत किलोमीटरच्या शेजारी तारीख न चुकता लिहावी.

रुग्णाला आपण पथ्य सांगतो, ते त्याने पाळावे म्हणून. ज्या गाडीवर विसंबून आपण रात्री-अपरात्री त्याच्याकडे निघतो, तिचे पथ्य आपणही पाळावे, एवढीच माझी विनंती आहे.